पांढऱ्या वाटेवरची चाके

गावाला डांबरी सडक आली म्हणजे कोणाला आनंद होत नाही? पावसाळ्यात चिखलात रुतणारी बैलगाडी आणि उन्हाळ्यात एस.टी.च्या मागे उठणारा धुळीचा लोट ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना काळ्या सडकेचे मोल समजावून सांगावे लागत नाही. परंतु इटली देशात असा एक मुलूख आहे, की जेथील काही माणसांनी आपल्या धुळीच्या वाटा धुळीच्याच राहाव्यात म्हणून मोठी धडपड केली. आणि नवल असे, की या धडपडीत त्यांचे मुख्य साधन होते जुनी सायकल.

हा मुलूख म्हणजे तोस्काना प्रांतातील कियान्तीचा डोंगराळ प्रदेश. उत्तरेला फ्लॉरेन्स, दक्षिणेला सिएना, आणि या दोन पुरातन नगरांच्या मध्ये टेकड्यांच्या लाटाच लाटा. टेकडीच्या माथ्यावर दगडी गाव, उतारावर द्राक्षांचे मळे, त्यांच्या कडेने ऑलिव्हची रुपेरी पानांची झाडे, आणि वाटेच्या दुतर्फा सरळ आकाशाकडे गेलेले काळसर हिरवे सुरू. येथील द्राक्षांच्या मद्याच्या बाटलीवर काळ्या कोंबड्याचे चित्र असते. त्याची एक आख्यायिका आहे. फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यात सीमेवरून पिढ्यान्‌पिढ्या लढाया चालल्या होत्या. शेवटी असे ठरले, की पहाटे कोंबडा आरवताच प्रत्येक नगरातून एकेक घोडेस्वार निघावा आणि ते दोघे जेथे भेटतील तेथे सीमा मानावी. सिएनाकरांनी आपल्या पांढऱ्या कोंबड्याला पोटभर दाणे घातले. तो सुखाने झोपला. फ्लॉरेन्सवाल्यांनी आपला काळा कोंबडा उपाशी ठेवला. भुकेने त्याने उजाडण्यापूर्वीच बांग दिली. परिणामी फ्लॉरेन्सचा स्वार इतका पुढे आला, की दोघांची भेट सिएनापासून अवघ्या १२ किलोमीटरांवर झाली! कथा खरी असो वा नसो, त्या डोंगरात आजही वर्षातून एका दिवशी शेकडो स्वार कोंबडा आरवण्यापूर्वीच घराबाहेर पडतात. फरक इतकाच, की त्यांच्याखाली घोडा नसून पोलादी सायकल असते.

या स्वारीचे नाव ‘लेरोइका’. इटालियन भाषेत त्याचा अर्थ ‘वीरांची’, ‘शौर्याची’. ती दरवर्षी ऑक्टोबर महिन्याच्या आरंभी गायोले या छोट्याशा गावातून निघते. पण स्वारीकडे वळण्यापूर्वी वाटांकडे पाहिले पाहिजे, कारण मूळ प्रश्न त्यांचाच होता.

येथील जमिनीत चुनखडीचे खडे पुष्कळ. ते पसरून दाबले, की वाट पांढरी दिसते. म्हणून लोक या वाटांना पांढरे रस्तेच म्हणतात. बैलगाड्यांसाठी त्या झाल्या होत्या. शेतकरी कुटुंबे टेकड्यांवर विखुरलेल्या दगडी घरांत राहत आणि जमीन अर्धेलीने कसत. पिकाचा सुमारे निम्मा वाटा मालकाच्या घरी जाई. तो वाटा, द्राक्षांचे घमेले, आजाऱ्याची खाट, नवरीची वरात, सारे याच वाटांवरून गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांत कारखाने उभे राहिले आणि तरुण मंडळी तिकडे निघून गेली. १९६४ साली कायद्याने अर्धेलीचे नवे करार करण्यास बंदी घातली. घरे ओस पडली. वाटांवर गवत माजले; ज्या वाटा वापरात राहिल्या, त्यांच्यावर हळूहळू डांबर पडू लागले.

डांबराला दोष देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. ज्या गृहिणीने वाळत घातलेले कपडे दर गाडीमागे पुन्हा पांढरे होतात, तिला पांढऱ्या वाटेचे काव्य सुचत नसते. डॉक्टरची मोटार रात्री लवकर पोहोचली तर माणूस वाचतो. तेव्हा प्रश्न असा होता, की ज्यांना सडक हवी त्यांना ती मिळाल्यानंतरही काही वाटा जुन्या रूपात राखता येतील काय? आणि राखायच्या, तर कोणाच्या उपयोगासाठी? निरुपयोगी वाट कोणीच फार काळ सांभाळत नाही.

गायोलेच्या ज्यानकार्लो ब्रोच्ची यांनी या प्रश्नाला आपल्या परीने उत्तर दिले. पूर्वीच्या काळी सायकलींच्या मोठमोठ्या शर्यती अशाच कच्च्या रस्त्यांवरून होत असत. मग जुन्या काळच्या सायकली, जुन्या काळचे पोशाख आणि जुन्या काळच्या वाटा यांना एकत्र का आणू नये? १९९७ साली त्यांनी पहिली स्वारी काढली, तेव्हा आले अवघे ९२ सायकलस्वार. लोक हसले असतील. असल्या कामाला पहिल्या वर्षी हसतातच. पुढे मात्र देशोदेशींचे हजारो स्वार येऊ लागले, इतके की सर्वांना प्रवेश देणे अशक्य झाले.

येथे कोणतीही सायकल चालत नाही. १९८७ सालापर्यंत बनलेली, पोलादी नळ्यांची सायकल हवी. गिअर बदलण्याची काडी हँडलवर असता कामा नये. ती खालच्या तिरप्या नळीवर हवी. ब्रेकच्या तारा हँडलवरच्या पट्टीत दडवलेल्या नकोत. त्या बाहेरून कमानीसारख्या वळून गेल्या पाहिजेत. पायडलला पुढे पाऊल अडकवण्याची लोखंडी कोंडी आणि तिला चामड्याचा पट्टा हवा. निघण्यापूर्वी सायकल तपासली जाते. नियम करणाऱ्यांचा काटेकोरपणा पाहून एखाद्याला हसू येईल. पण तसा तो नसता, तर दहा वर्षांत नव्या सायकलींनी जुन्यांना बाजूला सारले असते.

या प्रत्येक नियमाचा अर्थ स्वाराला चढावर कळतो. जुन्या शर्यती सायकलीच्या पुढच्या दातेरी चाकाला लहानात लहान म्हणजे बहुधा ४२ दाते असत. मागच्या चाकाच्या चकतीला २४ दाते आहेत असे धरले, तर पायडलचा एक फेरा पुरा होईपर्यंत मागचे चाक पावणेदोन फेरे फिरते. चाकाचा घेर सुमारे दोन मीटर दहा सेंटिमीटर. म्हणजे पायाच्या एका फेऱ्यात सायकल जवळजवळ पावणेचार मीटर पुढे गेलीच पाहिजे; त्याहून कमी जाण्याची सवलत नाही. सपाटीवर हे सुखाचे असते. परंतु शंभर मीटर जाता जाता दहा मीटरांहून अधिक उंची गाठायची असेल, तर तो एकेक फेरा म्हणजे एकेक पोते उचलण्यासारखे होते. हल्लीच्या चढाच्या सायकलीत पुढेमागे सारखेच, ३४ दाते ठेवता येतात. तेथे एका फेऱ्यात दोन मीटरांहून थोडेच अधिक अंतर कापले की भागते. जुन्या सायकलीवर चढ चढणाराला चिकाटी लागते, हे केवळ शब्दांचे अवडंबर नव्हे. ते असे दात्यांच्या हिशेबातून आलेले आहे.

गिअरच्या काडीलाही खटका नसतो. नव्या सायकलीत बोट दाबले, की ‘टक्’ आवाज होऊन साखळी नेमक्या चकतीवर जाते. येथे काडी किती सरकवायची, हे हाताने ओळखायचे आणि कानाने पडताळायचे. साखळी अर्धवट बसली तर ती कुरकुरते. मग काडी केसभर पुढे किंवा मागे. हे सारे हँडलवरचा एक हात सोडून, खडकाळ वाटेवर, तोल सांभाळून करावयाचे. पट्ट्यात अडकलेला पाय वेळेवर सुटला नाही, तर स्वार उभ्या सायकलीसह झाड कोसळावे तसा आडवा होतो. पहिल्या खेपेला आलेल्यांपैकी पुष्कळांचा या रीतीने भूमीशी परिचय होतो.

सर्वांत लांब मार्ग आहे २०९ किलोमीटरांचा. त्याखेरीज वय आणि ताकद पाहून निवडता येतील असे आखूड मार्गही आहेत. पण खरी ओढ त्या लांब मार्गाचीच. त्यातील जवळजवळ निम्मी वाट कच्ची, आणि सारे चढ एकत्र केले तर ते साडेतीन हजार मीटरांहून अधिक भरतात. महाराष्ट्रातील सर्वांत उंच कळसूबाईचे शिखर समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा धाक वाटू लागतो.

पहाटे पाचच्या सुमारास गायोलेच्या चौकात अंधार असतो आणि थंडीही. लोकरीचे अंगरखे घातलेली माणसे सायकली धरून उभी असतात. प्रत्येकाजवळ दिवा हवाच. कोणी टायर दाबून पाहतो, कोणी चामड्याचा पट्टा आवळतो. बोलणे हळू आवाजात. मग एकेक घोळका काळोखात शिरतो. काही किलोमीटर गेल्यावर ब्रोलिओच्या किल्ल्याचा चढ लागतो. हा किल्ला रिकासोली घराण्याचा. १८६१ साली इटलीचे पंतप्रधान झालेले बेत्तीनो रिकासोली येथलेच. त्या चढावर सुरूंच्या रांगांखाली वाटेच्या कडेने लहान लहान दिवे मांडलेले असतात. सडक संपते आणि चाकाखालचा आवाज बदलतो. डांबरावर टायर गुणगुणतो. खडीवर तो कुरकुर दळतो. पुढे दिव्यांची रांग, तिच्यामध्ये वर सरकणाऱ्या काळ्या आकृती, आणि ऐकू येतात ते फक्त श्वास, साखळ्या आणि खडे. कोणी बोलत नाही. कोणाच्या अंगात बोलण्याइतका दम नसतो, हेही एक कारण आहेच.

उजाडता उजाडता सिएना दिसू लागते. तेथून दक्षिणेकडे वळावे तो भूमीचे रूप पालटते. झाडी विरळ होते आणि राखी रंगाच्या चिकणमातीच्या उघड्या टेकड्या दूरवर पसरतात. ऑक्टोबरात येथे नांगरट झालेली असते. ढेकळांच्या त्या समुद्रात एखादेच घर, एखादाच सुरू. पाऊस झाला असेल तर ही माती ब्रेकमध्ये भरते. उघाड असेल तर धूळ घामावर बसून स्वाराच्या भुवया म्हाताऱ्या करून टाकते. मोन्तालचीनो हे गाव उंच टेकडीवर आहे, आणि मार्ग अर्थातच त्याला वळसा घालून जात नाही.

उतार सुखाचे असतील असे वाटते. पण खडीवरचा उतार चढाहून फसवा. ब्रेक एकदम दाबला तर मागचे चाक सरकते, न दाबला तर वळणावर शेत स्वागताला उभे असते. जुने ब्रेक सावकाश पकडतात. म्हणून अनुभवी स्वार वळणाच्या फार आधी वेग कमी करतो, अंग मागे घेतो, हँडल हलके धरतो आणि सायकलीला तिची वाट शोधू देतो.

आस्चानो गावानंतर सान्ते मारीचा टप्पा येतो. सुमारे साडेअकरा किलोमीटरांची ही कच्ची वाट एकामागून एक चढउतार घेत जाते. येथे येईपर्यंत दुपार टळलेली असते आणि पायांतील बळ पुष्कळसे वाटेवर वाटून झालेले असते. कित्येक जण उतरून सायकल ढकलू लागतात. यात कोणी कोणाला हसत नाही. साठी ओलांडलेला स्वार खांद्याला खांदा लावून विशीतल्या तरुणाबरोबर चालतो. आणि माथ्यावर पोहोचताच दोघेही काही घडलेच नाही अशा ऐटीत पुन्हा सायकलीवर बसतात.

पंक्चर झाले तर? शर्यतीच्या जुन्या सायकलींना वेगळी ट्यूब नसे. नळीसारखा शिवलेला टायर चाकाला डिंकासारख्या द्रव्याने चिकटवलेला असे. तो ओढून काढायचा, दुसरा बसवायचा, तोंडाला फेस येईतो पंप मारायचा. म्हणून पूर्वीचे स्वार राखीव टायर आठाच्या आकड्यासारखा पाठीछातीवरून गुंडाळून नेत; आजही येथे तसा नेणारे दिसतात. परंतु अडलेल्याजवळ दुसरा स्वार थांबणार हे जवळजवळ ठरलेले. येथे पहिला क्रमांक नाही. घड्याळ लावून कोणाला विजेता ठरवत नाहीत. प्रत्येकाजवळ एक कागद असतो. ठरलेल्या ठिकाणी त्यावर शिक्का मारून घ्यायचा, एवढेच.

शिक्क्याच्या ठिकाणी जेवणही असते, आणि तेही त्या मातीतले. मोठ्या पातेल्यांतून ‘रिबोल्लीता’ वाढतात. शब्दाचा अर्थ ‘पुन्हा उकळलेली’. शिळा पाव, घेवड्याच्या जातीचे दाणे, काळसर पानकोबी आणि ऑलिव्हचे तेल यांचे ते दाट कढण. गरिबाच्या घरी शिळे टाकायचे नसते, या एकाच विचारातून ते जन्मले. आपल्याकडील फोडणीची पोळी ही त्याची दूरची बहीणच म्हणावयास हरकत नाही. पाव मात्र नवख्याला अळणी लागतो. तोस्कानाच्या पावात मीठ घालण्याची रीत नाही.

या वाटांवर ज्यांची आठवण हटकून निघते, ते जीनो बार्ताली. फ्लॉरेन्सजवळच्या गावी १९१४ साली जन्मलेला हा सायकलपटू. फ्रान्सची सुप्रसिद्ध शर्यत त्यांनी १९३८ साली जिंकली, मध्ये महायुद्ध आले, आणि बरोबर दहा वर्षांनी, १९४८ साली, पुन्हा जिंकली. पण त्यांच्या शर्यतींहून मोठी गोष्ट घडली ती या दोन विजयांच्या मध्ये. १९४३ साली जर्मन सैन्याने इटलीचा ताबा घेतला आणि ज्यू लोकांची धरपकड सुरू झाली. त्यांना लपवून ठेवणाऱ्यांना खोट्या नावांचे ओळखपत्र बनवावे लागे, आणि ते कागद पोहोचवणारा माणूस हवा होता. बार्ताली सराव करतो आहोत असे दाखवून फ्लॉरेन्सहून दूर असीसीपर्यंत सायकल हाणत. कागद सायकलीच्या पोकळ नळ्यांत, बैठकीखाली दडवलेले असत, असे सांगतात. नाक्यावर सैनिकांनी अडवले, की सायकल हलवू नका, तिची जुळणी बिघडेल, असे ते म्हणत. पकडले जाते तर शिक्षा कोणती झाली असती, हे उघड आहे. युद्ध संपल्यावर त्यांनी याची वाच्यता जवळजवळ केलीच नाही. २००० साली ते वारले. त्यानंतर १३ वर्षांनी, २०१३ साली, इस्राएलच्या याद वाशेम या संस्थेने परधर्मीयांतील सत्पुरुष म्हणून त्यांचा गौरव केला. एरवी हौसेची वाटणारी ती जुनी पोलादी नळी ही कथा ऐकल्यावर निराळी दिसू लागते.

हौस आहे, हे मात्र नाकारण्याचे कारण नाही. काही मंडळी मिशांना पीळ देऊन केवळ छायाचित्रासाठी आलेली असतात. काहींच्या सायकलीची किंमत, तिच्या मूळ मालकाच्या साऱ्या आयुष्यातील कमाईहून अधिक असेल. ज्या वाटेवर पूर्वीचा शेतकरी पोटासाठी घाम गाळी, तेथे हे लोक प्रवेशमूल्य भरून घाम गाळतात, असे कोणी म्हटले तर ते खोटे नाही. तरी पण वाटेचा हिशेब पाहावा. हजारो चाके येऊ लागली, तेव्हा ओस पडलेल्या वाटांची मोजदाद झाली, खुणेचे फलक लागले. २०९ किलोमीटरांचा तो मार्ग आता वर्षभर कोणालाही फिरण्यासाठी खुला असतो. २००७ सालापासून जगातील अव्वल दर्जाचे सायकलपटू याच खडीवरून सिएनाच्या चौकापर्यंत शर्यत करतात, आणि तिचे नावही ‘पांढरे रस्ते’ असेच आहे. २०१५ पासून स्त्रियाही आपली स्वतंत्र शर्यत तेथे करतात. ज्या वाटा मागासलेपणाची खूण होत्या, त्यांचे नाव आता दूरच्या देशांत मुले घेतात. संग्रहालयात ठेवलेली सायकल गंजण्यापासून वाचते. ही सायकल चिखलात गेली आणि तिने आपल्याबरोबर वाटही वाचवली.

संध्याकाळी गायोलेच्या वेशीवर गर्दी जमते. सकाळचे दिवे पुन्हा पेटलेले असतात. शेवटचे स्वार काळोखातून एकेक करून येतात. कपडे, तोंड, सायकल, सारे एकाच रंगाचे. शेवटचा शिक्का घेताना कित्येकांची बोटे आखडलेली असतात, कागद नीट उलगडत नाही. मेजामागचा माणूस तो घामेजलेला कागद आपल्या हातांनी सपाट करून त्यावर शिक्का उमटवतो. मग सायकल भिंतीला टेकून उभी राहते आणि स्वार तिच्याशेजारी, जमिनीवरच, बसकण मारतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पांढऱ्या वाटांवर टायरांच्या अरुंद रेघा एकमेकींत गुंतलेल्या दिसतात. उशिरा पिकलेल्या द्राक्षांच्या पेट्या घेऊन एखादा ट्रॅक्टर येतो आणि त्या रेघांवरून सावकाश पुढे निघून जातो.